पाळकांच्या न सांगितलेल्या झुंजीत प्रार्थना आणि आधार: करायचं काय, टाळायचं काय

पाळकांना, म्हणजे ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) आध्यात्मिक काळजी वाहणाऱ्या सेवकांना, ‘कसे आहात?’ विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘प्रभूच्या कृपेने छान.’ कधी ते खरंही असतं. कधी त्यामागे महिनोन्‌महिन्यांची झोपमोड असते, घरात धरलेला अबोला असतो, थकलेले हप्ते असतात, नाहीतर प्रार्थनेला बसलं तरी शब्दच फुटत नाही अशी अवस्था असते.

ते सांगत नाहीत याचं कारण दर वेळी अभिमान नसतो. ज्यांना सांगायचं, तेच त्यांचं वेतन ठरवतात. राहतं घर बहुधा मंडळीचं, म्हणजे सेवा सुटली की छप्परही सुटतं. वरिष्ठांना सांगावं तर बदली त्यांच्याच हातात. आणि येत्या रविवारी याच लोकांपुढे उभं राहून विश्वासाबद्दल बोलायचं असतं. ही अडचण ध्यानात न घेता ‘मन मोकळं करा ना’ असा आग्रह धरला, तर माणूस आणखी मिटून घेतो.

म्हणून पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे: गुपित न विचारताही नेमकी प्रार्थना करता येते, आणि प्रार्थना करणाऱ्याने सोबत एखादं खरंखुरं ओझंही उचलायचं असतं. इथे ‘पाळक’ म्हटलं आहे ते सोयीसाठी. धर्मगुरू, धर्मभगिनी, सुवार्तिक, मंडळीचे वडील (ज्येष्ठ पुढारी), संडे स्कूल किंवा महिला मंडळ वर्षानुवर्षं ओढणाऱ्या बाई, सगळ्यांना हे लागू आहे.

बदल ओळखा, निदान करू नका

तुलना नेहमी त्या व्यक्तीच्या स्वतःच्या एरवीच्या वागण्याशी करा. मुळात अबोल असलेले पाळक गप्प असतील तर त्यात विशेष काही नाही. पण उपासनेनंतर शेवटचा माणूस जाईपर्यंत थांबणारे पाळक मागच्या दाराने निघून जाऊ लागले, घरभेटी पुन्हा पुन्हा पुढे ढकलू लागले, जुनेच संदेश (रविवारचे उपदेश) फिरवून देऊ लागले, किंवा उपदेशात कुणा एकावर राग काढल्यासारखा सूर येऊ लागला, तर लक्ष द्या. उलट्या टोकाचं लक्षणही असतं आणि ते हमखास निसटतं: अचानक वाढलेली धावपळ. रोज नवी सभा, नवा उपक्रम, घरी जायला टाळाटाळ. मंडळी याला ‘सेवेचा आवेश’ म्हणून टाळ्या वाजवते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या बर्नआउटची तीन अंगं नोंदवली: शक्ती संपून जाणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. नैराश्य ही वेगळी गोष्ट आहे. उदासी किंवा कशातच रस न वाटणं जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवडे किंवा अधिक टिकलं आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर डॉक्टरांकडे जायला हवं. थायरॉइडचा बिघाड, रक्ताची कमतरता, बी-१२ ची कमतरता यांतही माणूस असाच गळून जातो. ते तपासणीतच कळतं. तेव्हा ‘पाळकसाहेबांना डिप्रेशन आहे’ हे वाक्य तुमच्या तोंडी नको. ‘तीन आठवडे ते थकलेले दिसतात’ एवढंच तुम्हाला माहीत आहे, तेवढंच खरं.

विश्वासू माणसाला असं होतच नाही, असं मानणाऱ्यांनी बायबलमधलं गणना ११:१५ वाचावं. तिथे मोशे देवाला म्हणतो, असंच वागवायचं असेल तर मला मारून टाक. १ राजे १९:४ मध्ये एलीया मरण मागतो, यिर्मया २०:१४ मध्ये आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि २ करिंथ १:८ मध्ये पौल कबूल करतो की जगण्याचीही आशा उरली नव्हती. पुढच्या काळातलं ठळक उदाहरण इंग्लंडचे उपदेशक चार्ल्स स्पर्जन यांचं. १९ ऑक्टोबर १८५६ रोजी लंडनच्या सरे गार्डन्स म्युझिक हॉलमध्ये त्यांची उपासना चालू असताना कुणीतरी आग लागल्याची खोटी हाक दिली आणि चेंगराचेंगरीत सात जण दगावले. स्पर्जन तेव्हा २२ वर्षांचे होते. काही दिवस ते पार कोसळले, दोनेक आठवड्यांनी पुन्हा उपदेशाला उभे राहिले. पण खिन्नतेचे झटके आणि संधिवाताचं दुखणं पुढे आयुष्यभर सोबत राहिलं. पुढे अनेक हिवाळे ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मेन्तों गावी विश्रांतीला जात. इतक्या मोठ्या उपदेशकाचं व्यासपीठ त्यांच्यावाचून चालवायला मंडळी शिकली होती, हे विसरू नये.

प्रार्थनेचा लहान गट बांधा

तीन ते पाच जण पुरेत. सातच्या वर गेलं की बातमी फुटते, असं धरूनच चाला. माणसं निवडताना प्रार्थना किती लांब आणि किती सुंदर करतो हे पाहू नका. ऐकलेलं पोटात ठेवतो का, हे पाहा. वेतन आणि बदली ठरवणाऱ्या समितीतला कुणी या गटात नसलेला बरा, कारण माहिती कानावर आली की ती निर्णयात डोकावतेच. गट आहे हे पाळकांना माहीत असावं आणि त्यांची संमती असावी. पाठीमागे जमून ‘त्यांच्यासाठी ओझं आलंय’ म्हणणाऱ्या गटाची दोन महिन्यांत चौकशी समिती होते.

भेट आठवड्यातून एकदा, वीस मिनिटांची, समोरासमोर किंवा फोनवर. पहिली तीन मिनिटं एखादा उतारा, पुढची बारा प्रार्थना, शेवटची पाच ‘या आठवड्यात आपल्यापैकी कोण काय उचलणार’ यासाठी. चर्चेला वेळ ठेवलेलाच नाही, मुद्दाम. ‘मी असं ऐकलं की...’ अशी सुरुवात झाली की गटातल्या एकाने ‘आपण प्रार्थनेला लागू या’ म्हणायचं. हे काम कोणाचं, हे पहिल्याच भेटीत ठरवून टाका, नाहीतर संकोचापायी कुणीच ते करत नाही. मोबाइलवरच्या मोठ्या ग्रुपमध्ये पाळकांबद्दल प्रार्थना विनंती टाकू नका. ‘पाळकसाहेबांसाठी विशेष प्रार्थना करा, कारण सांगता येत नाही’ या एका ओळीने संध्याकाळपर्यंत चार कथा तयार होतात.

आता विनंती कशी विचारायची. ‘काही प्रार्थना विनंती आहे का?’ या प्रश्नाला ‘मंडळीच्या वाढीसाठी’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी तपशील न मागणारा, पण नेमका प्रश्न विचारा: ‘या आठवड्यात कुठला दिवस जड आहे?’ किंवा ‘झोप, घर, काम, या तिघांपैकी कशासाठी आधी प्रार्थना करू?’ एका शब्दात उत्तर देता येतं, कारण सांगावं लागत नाही. उत्तर ‘घर’ असं आलं तर पुढचा प्रश्न विचारायचा नाही. चार आठवडे विचारल्याशिवाय घरासाठी प्रार्थना केलीत, तर पाचव्या आठवड्यात ते स्वतः दोन वाक्यं जास्त बोलण्याची शक्यता असते. बोलले नाहीत तरी प्रार्थना वाया जात नाही.

काय मागायचं

‘प्रभू, तुझ्या सेवकाला आशीर्वादित कर’ यात चूक काही नाही, पण वर्षभर तेच म्हटलं की म्हणणाऱ्याचंच लक्ष उडतं. पौलाने स्वतःसाठी ज्या गोष्टी मागायला सांगितल्या, त्यांची यादी हाताशी ठेवा. बोलताना नेमके शब्द आणि धैर्य मिळावं (इफिस ६:१९). वचनासाठी दार उघडावं आणि ते स्पष्ट सांगता यावं (कलस्सै ४:३-४). विरोधकांपासून सुटका व्हावी, आपल्या सेवेचा पवित्र जनांनी स्वीकार करावा, आणि त्यांच्या सहवासात जिवाला विसावा मिळावा (रोम १५:३०-३२). हे शेवटचं वाचून थोडं थांबा. मंडळी आपली सेवा स्वीकारेल की नाही, ही धाकधूक पौलालाही होती. लूक २२:३२ मध्ये प्रभू येशूने पेत्रासाठी केलेली विनंतीही इथे धरा. पेत्रावर परीक्षा येऊ नये, असं त्यात नाही. त्याचा विश्वास ढळू नये, एवढंच आहे. पेत्र अजून पडायचाच होता, तेव्हाची ही प्रार्थना.

आठवड्याची चाल लक्षात घेतली की प्रार्थना आपोआप नेमकी होते. शनिवारी रात्री झोप मागा. रविवारी उपासनेआधी घरातून निघताना वाद होऊ नये म्हणून मागा; ऐकायला हे क्षुल्लक वाटतं, पण अनेक पाळकांच्या घरी रविवारची सकाळच सर्वांत तणावाची असते. सोमवार बहुतेकांना रिकामा आणि खिन्न जातो, कारण आदल्या दिवशीचा ताण ओसरला की शरीरही खाली बसतं. त्या दिवशी निराशेतून कुठला निर्णय होऊ नये, राजीनाम्याचा कागद तर मुळीच लिहिला जाऊ नये, म्हणून मागा. अंत्यविधी, समितीची बैठक, रुग्णालयातली भेट असेल तो दिवस आणि ती वेळ नोंदवून ठेवा आणि त्याच वेळी दोन मिनिटं काढा.

प्रार्थना अशी असू शकते: ‘प्रभू, आज ते संदेशाच्या तयारीला बसले आहेत. दुसऱ्यांना द्यायच्या आधी त्यांना स्वतःसाठी तुझं वचन सापडू दे. रात्री त्यांना सलग झोप दे. संध्याकाळच्या बैठकीत कुणाचा टोमणा आला तर तो मनात घेऊन घरी जायला लागू नये. त्यांचं काय बिनसलंय ते मला ठाऊक नाही. तुला आहे, तेवढं पुरे.’

जेव्हा तुमच्याकडेच शब्द नसतील, तेव्हा स्तोत्र ८८ त्यांच्या वतीने वाचा. हे स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही. म्हणूनच ते उपयोगी पडतं.

प्रार्थना केली हे कळवायचं का? हो, पण थोडक्यात आणि उत्तराची अपेक्षा न ठेवता. ‘आज सकाळी तुमच्या दुपारच्या बैठकीसाठी प्रार्थना केली. उत्तर देऊ नका.’ शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे, कारण ज्यांचा फोन दिवसभर वाजतो त्यांना आभाराचा निरोप हेही एक काम वाटतं. आठवड्यातून एक निरोप भरपूर झाला. रोज वचनाची सजवलेली चित्रं पाठवणं हा आधार नव्हे.

सर्वांत जपून राहायचं ते ‘प्रभूने मला तुमच्याबद्दल दाखवलं’ या वाक्यापासून. खचलेल्या माणसाला असं वाक्य नाकारताही येत नाही आणि पचवताही येत नाही. खरोखर काही मनात आलं असेल तर ते प्रार्थनेत देवालाच परत सांगा आणि निदान काही आठवडे मनातच ठेवा.

आधी बसायला दगड

निर्गम १७ मध्ये लढाई चालू असताना अहरोन आणि हूर यांनी मोशेचे वर उचललेले हात धरून ठेवले, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याआधीचं वाक्य मात्र सहसा निसटतं: हात जड झाल्यावर त्यांनी आधी दगड आणून त्याला बसवलं. एलीयाच्या बाबतीतही क्रम असाच आहे. झोप, भाकर आणि पाणी, पुन्हा झोप, पुन्हा खाणं. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न नंतर, होरेब डोंगरावर पोहोचल्यावर. आपल्याकडे मात्र आधी प्रश्न आणि मग उपदेश, असा उलटा प्रकार चालतो.

दगड आणायचा म्हणजे काय? ‘काही लागलं तर सांगा’ हे सोडून द्यायचं, कारण त्यात मागण्याचं काम पुन्हा त्यांच्यावरच येतं. ठरलेली वेळ आणि ठरलेलं काम सांगा, नकाराची वाट मोकळी ठेवा: ‘गुरुवारी सातला जेवणाचा डबा दाराशी ठेवून जातो, आत येणार नाही. नको असेल तर फक्त “नको” एवढं लिहा.’ पुढच्या महिन्यातल्या सभागृहाच्या चाव्या, वीजबिल, अहवाल टाइप करणं, कार्यक्रमाची गाडी ठरवणं, मुलांना शिकवणीला सोडणं. पाळकांच्या आठवड्यातली अशी कितीतरी कामं दीक्षा नसलेला कुणीही करू शकतो. एका कागदावर सात दिवसांची कामं त्यांच्यासोबत लिहून काढा, आणि ज्या ओळींना पाळकच हवेत असं नाही त्या खुडून घ्या. निर्गम १८ मध्ये इथ्रोने जावयाला, म्हणजे मोशेला, हेच सांगितलं होतं: हे काम तुला एकट्याला झेपणारं नाही.

काम घेतलंत तर पुरं घ्या. दर दोन तासांनी ‘हे कसं करू?’ विचारायला फोन केलात, तर ओझं त्यांच्याच डोक्यावर राहतं, वर तुमची भर.

टीकेची वेळ ठरवून घेणं हाही आधाराचाच भाग आहे. उपासना संपल्यापासून मंगळवारपर्यंत संदेशावर, गाण्यांवर, वेळेवर कुणी शेरा मारायचा नाही, असं वडीलवर्गाने ठरवावं. ‘बरेच जण म्हणतात’ ही सुरुवात बंद. म्हणणारा स्वतः येऊन म्हणेल, नाहीतर ते मुद्द्यात धरलं जाणार नाही. निनावी पत्र पाळकांपर्यंत पोहोचवूच नका. पण त्यात कुणाला इजा झाल्याचा आरोप असेल तर ते नियम डावलून लगेच पुढे न्यायचं. त्याबद्दल खाली येतंच आहे.

ते बोलायला लागले तर

जागा अशी निवडा की मंडळीतलं कुणी सहज येऊन बसणार नाही. चालता चालता बोलणं पुष्कळांना सोपं जातं, कारण सतत नजरेला नजर द्यावी लागत नाही. फोन बंद. सुरुवातीलाच सांगा की काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही: ‘तुमच्या परवानगीशिवाय मी कुणाला सांगणार नाही. अपवाद दोनच, तुमच्या जिवाला धोका असेल किंवा दुसऱ्या कुणाला इजा होत असेल.’ हे आधी न सांगता ‘शपथेवर सांगतो, कुणाला कळणार नाही’ म्हणालात, तर पुढे एक तर वचन मोडावं लागतं, नाहीतर गप्प बसून पाप करावं लागतं.

मग ऐका. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तोवर ते उत्तम मित्र होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. ‘सगळं भल्यासाठीच असतं’, ‘तुमच्यासारख्यांनी असं खचून कसं चालेल’, ‘विश्वास धरा’, ‘एखादा उपास-प्रार्थनेचा आठवडा घ्या’, ही वाक्यं खरी असोत वा नसोत, त्या घटकेला दार लावून घेतात. उपासाचं तर मुळीच सुचवू नका. झोप आणि भूक गेलेल्या माणसाला उपास लावणं म्हणजे एलीयाची भाकर काढून घेणं. ‘हे कधीपासून चाललंय?’, ‘दिवसातली कुठली वेळ सर्वांत वाईट जाते?’, ‘आणखी कुणाला माहीत आहे?’ एवढे तीन प्रश्न पुरेसे होतात. तिसऱ्याचं उत्तर ‘कुणालाच नाही’ असं असेल, तर निघण्याआधी दुसरं एक विश्वासाचं माणूस त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. एकट्याने हे वाहू नका. तुम्हीही काही महिन्यांत थकाल आणि मग तुमचं नाहीसं होणं त्यांना आणखी लागेल.

पापकबुली आली तर? शंका, मत्सर, कडवटपणा, प्रार्थनेचा कंटाळा, अश्लील चित्रांची सवय, दारू, हे सगळं ऐकायची तयारी ठेवा आणि चेहऱ्यावर धक्का दाखवू नका. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ कबुली आणि एकमेकांसाठी प्रार्थना जोडीनेच येतात. सवय जडलेली असेल तर मात्र प्रार्थनेसोबत आठवड्याची ठरलेली भेट, सरळ विचारलेला प्रश्न आणि व्यसनमुक्तीचं काम जाणणारा समुपदेशक, हे तिन्ही लागतात. ‘एकदा प्रार्थना केली, सुटलं’ असं धरून चाललेल्या घसरणी पुढे अधिक लपवल्या जातात.

घरच्यांना खबऱ्या करू नका

पाळकीण बाईंना कोपऱ्यात घेऊन ‘साहेब बरे आहेत ना?’ विचारणं हा चौकशीचा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट रस्ता. खरं सांगितलं तर नवऱ्याचा विश्वासघात, नाही सांगितलं तर खोटं. त्यांच्यासाठी प्रार्थना करायची तर त्यांच्या नावाने, त्यांच्या स्वतःच्या गरजांसाठी करा. मंडळीबाहेरची एखादी मैत्रीण, आपल्या नावावरचा थोडा वेळ आणि थोडा पैसा, रविवारी एखादी जबाबदारी नाकारली तरी भुवया न उंचावणं, एवढंही बरंच असतं. मुलांना ‘पाळकांची मुलं असून...’ हे वाक्य कुणीही ऐकवू नये. ऐकवणाऱ्याला दुसऱ्या एखाद्या मोठ्या माणसाने तिथल्या तिथे थांबवावं.

सुटी द्यायची तर खरी द्या

आठवड्यातला एक पूर्ण दिवस, आणि त्या दिवशी मंडळीचा फोन दुसऱ्याच्या हातात. तो दुसरा कोण, हे उपासनेतच जाहीर करा, म्हणजे ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब उरत नाही. वर्षाची रजा सलग मिळावी. तुकड्यातुकड्यांनी घेतलेल्या दोन-दोन दिवसांत थकवा उतरत नाही. अनेक मंडळ्या ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर काही महिन्यांची दीर्घ विश्रांती देतात. ती द्यायची असेल तर निघण्याआधी एक कागद तयार हवा: उपदेश कोण करणार, प्रभुभोजन कोण चालवणार, रुग्णालयात कोण जाणार, अंत्यविधी आला तर कोणाला बोलवायचं, धनादेशावर सही कोणाची, तातडीचं काय असेल तरच पाळकांना कळवायचं आणि ते कोण ठरवणार. बहुतेक रजा ‘फक्त एवढं एक लग्न लावून द्या’ यावर फसतात. मृत्यूची बातमी कळवावी; विधीसाठी बोलावू नये.

रजेचं कारण मंडळीला सांगताना खोटं नको आणि तपशीलही नको. ‘पाळकांना विश्रांतीची गरज आहे, समितीने ती मंजूर केली आहे, अमुक तारखेपर्यंत अमुक जबाबदार आहेत.’ प्रश्न विचारणाऱ्यालाही हीच तीन वाक्यं पुन्हा सांगायची. प्रत्येकाला थोडं वेगळं सांगितलं की त्या फटीत अफवा शिरते.

पैशाचं थोडक्यात. वेतन ठरल्या तारखेला देणं ही सर्वांत साधी मदत आहे. जादा काही द्यायचं तर त्याची पोच चारचौघांत मागू नका, आणि देणगीच्या जोरावर नंतर मत खपवू नका. उपचाराचा खर्च समितीने ठराव करून, आजाराचं नाव न लिहिता ‘वैद्यकीय साहाय्य’ म्हणून द्यावा. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाला पैसाही पाठवला आणि एपफ्रदीतासारखा माणूसही. दोन्ही लागतात.

डॉक्टर, औषध आणि जिवाचा धोका

डॉक्टरांकडे जाणं हा विश्वासाचा अभाव नाही. तीमथ्याच्या पोटदुखीवर पौलाने उपदेश केला नाही, उपाय सुचवला (१ तीमथ्य ५:२३). शक्य असेल तर मंडळीच्या ओळखीबाहेरचे डॉक्टर निवडा, आणि पहिल्या भेटीला सोबत जा. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, त्रासदायक परिणाम मात्र आधी जाणवू शकतात. म्हणून पहिल्या पंधरवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळ्या सोडून देणारे पुष्कळ. बरं वाटू लागल्यावरही औषध मनाने एकदम बंद करू नये. आणि प्रार्थनेनंतर ‘आता गोळ्यांची गरज नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाला गटातून दूर ठेवा.

‘मी नसतो तर बरं झालं असतं’, ‘आता सगळ्यांची सुटका होईल’ अशी भाषा, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, निरवानिरव करणं, किंवा दीर्घ खिन्नतेनंतर अचानक आलेली शांतता दिसली तर सरळ विचारा: ‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर पद्धत, साधन आणि वेळ ठरलेली आहे का, हेही विचारा. ठरलेली असेल तर एकटं सोडू नका, साधन घरातून हलवा, घरच्या एकाला सोबत घ्या आणि लगेच रुग्णालय किंवा आपत्कालीन सेवा गाठा. गुप्ततेचं वचन इथे संपतं. प्रार्थना गाडीत करा, जाताना.

लपलेली झुंज आणि लपवलेला अपराध

थकवा, शंका, दुःख, आजार, घरातला ताण झाकून ठेवण्याचा हक्क पाळकांना आहे. दुसऱ्याला झालेली इजा झाकण्याचा नाही. मंडळीच्या पैशाचा अपहार, सल्ल्यासाठी आलेल्या व्यक्तीशी शारीरिक संबंध, घरातली मारहाण, मुलांचा छळ, यांतलं काही समोर आलं तर प्रार्थना गटाने ते आपसात ‘कृपेने’ मिटवू नये. आधी इजा झालेल्या व्यक्तीची सुरक्षितता. गुन्हा असेल, विशेषतः लहान मुलाशी संबंधित, तर कायद्यानुसार पोलिसांकडे. मग मंडळीच्या वरच्या अधिकाऱ्यांकडे. स्वतः उलटतपासणी घेऊ नका, आरोपी पाळकांना आधी सावध करू नका, पीडिताला समोर बसवून क्षमा करायला लावू नका. ‘दोन किंवा तीन साक्षीदारांशिवाय आरोप घेऊ नको’ (१ तीमथ्य ५:१९) हे वचन एकट्या पीडिताला गप्प करायला वापरलं जातं. ते मंडळीने निवाडा कसा करावा याबद्दल आहे, पोलिसांकडे जाण्याची मनाई त्यात नाही. शिवाय लगेच पुढची ओळ पाप करणाऱ्या वडिलांना सर्वांदेखत दोष देण्याची आहे, ती मात्र कुणी वाचत नाही.

अशा पाळकांसाठीही प्रार्थना करायची, जरूर. त्यांना खरं बोलण्याचं बळ यावं आणि परिणाम टाळण्याची वाट मिळू नये, अशी. त्यांच्या सोबतीला एक माणूस द्यावा आणि पीडितासोबत दुसरा. एकाच व्यक्तीने दोघांनाही आधार देऊ नये.

परत येताना

आजारपणानंतर किंवा दीर्घ रजेनंतर पहिल्याच रविवारी पूर्ण उपासना त्यांच्या गळ्यात घालू नका. पहिल्या महिन्यात दोनच संदेश, समितीच्या बैठका नाहीत, संध्याकाळचे कार्यक्रम नाहीत. दुसऱ्या महिन्यात घरभेटी आठवड्याला दोनपर्यंत. स्वागताचा हार आणि भाषणं टाळा. त्यात त्यांना साक्ष द्यायला उभं करणं तर नकोच. प्रार्थना गट याच काळात सैल पडतो, कारण ‘आता बरे झाले’ असं वाटतं. नैराश्य पुन्हा उलटण्याची शक्यता असते, म्हणून वीस मिनिटांची भेट निदान आणखी सहा महिने चालू ठेवा, तोच प्रश्न विचारत: या आठवड्यात कुठला दिवस जड आहे?

उत्तर ‘कुठलाच नाही’ असं आलं, तर ते मान्य करा. त्या आठवड्यात आभार माना आणि डबा द्यायचा असेल तर तो मात्र द्या.